मावशी, खरं सांग: बाहुलीच्या तोंडात शिवी

मागच्या अंकात 'सुट्टीत काय बघू' म्हणून विचारणाऱ्या एकाला मी जाता जाता 'टीम अमेरिका: वर्ल्ड पोलीस' बघ म्हणून सांगितलं, एका ओळीत, आणि आता बघतोय तर पत्रांचा ढीग. निम्म्यांना आवडलाय, निम्मे चिडलेत, एकानं 'तुमच्याकडनं ही अपेक्षा नव्हती' असं लिहिलंय, मग माझ्याकडनं नक्की काय अपेक्षा होती ते तरी कळू दे की. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: २००४ सालचा अमेरिकन सिनेमा, 'साउथ पार्क' या वाह्यात कार्टून मालिकेवाल्या ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन यांचा, सगळी पात्रं दोरीवरच्या बाहुल्या, जगभर अतिरेकी मारत फिरणारी एक अमेरिकन टोळी, आणि सुरुवातीलाच ती चार अतिरेकी मारायच्या नादात पॅरिसचा आयफेल टॉवर पाडून ठेवते आणि लोकांना म्हणते काळजी करू नका, आम्ही आहोत. शिव्या, रक्त, ओकाऱ्या, गाणी सगळं आहे. तर आज सगळी पत्रं याच विषयावरची घेतो.

(आणि हो, 'घेतो'च. कोल्हापुरातल्या आम्ही बायका आलो-गेलोच म्हणतो, पुण्याच्या वाचकांनी दर अंकाला चूक काढून पाठवू नये.)

मावशी, तुमचं वाचून रविवारी दुपारी सिनेमा लावला. चित्रात बाहुल्या दिसल्या, म्हटलं पोरांचा असणार. मुलगा अकरा वर्षांचा, मुलगी आठ, शेजारी सासूबाई शेंगा सोलत बसलेल्या. शिव्या सुरू झाल्या तरी मी म्हटलं इंग्रजी आहे, कुणाला कळतंय. मग 'तो' सीन आला, त्याला कुठली भाषा लागत नव्हती, आणि रिमोट सोफ्याच्या फटीत गेलेला. आता घरात माझ्याशी कोण धड बोलत नाही. बाहुल्यांचा सिनेमा मोठ्यांसाठी कोण काढतं?
– फसलेला बाप, राजारामपुरी

आधी सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि सगळा दोष माझ्यावर ढकला, मला सवय आहे. पण मी ज्याला सांगितलं होतं तो कॉलेज संपवलेला पोरगा होता, तुम्ही कोपऱ्यातला तो वयाचा आकडा न बघताच लावलात ही चूक तुमची. अमेरिकेत या सिनेमाला 'आर' हे मोठ्यांसाठीचं प्रमाणपत्र मिळालंय, आणि तेसुद्धा सहज नाही मिळालं, तिथल्या बोर्डानं आधी 'एनसी-१७' दिलं होतं, म्हणजे अठरा वर्षांच्या आतल्यांना आईबापाबरोबरसुद्धा प्रवेश नाही. मग ते कापून पुन्हा पाठव, पुन्हा कापून पाठव असं बऱ्याच वेळा झालं. आणि गंमत बघा, कशावरनं एवढं? 'त्या' सीनवरनंच. सिनेमात बाहुल्यांची मुंडकी उडतात, चिंध्या होतात, त्याला फार कुणाची हरकत नव्हती, पण दोन लाकडी बाहुल्या एकमेकांवर आपटल्या तर बोर्ड घामाघूम. ज्यांना कमरेखाली सांधा आणि कापड सोडून काहीच नाही त्यांचं नक्की काय बघून कापलं हे मला अजून उमगलेलं नाही. सीन ताणलाय मात्र मुद्दाम, एवढा ताणलाय की आधी लाज वाटते, मग हसू येतं, मग कंटाळा येतो आणि मग परत हसू येतं.

आता बाहुली म्हणजे लहान मुलांची हे आपल्या डोक्यात कुठनं आलं, तर टीव्हीवरनं. आणि हा सिनेमा नेमका त्याच समजुतीवर पाय ठेवून उभा आहे. १९६५ मध्ये ब्रिटनमध्ये जेरी अँडरसन यांची 'थंडरबर्ड्स' नावाची मुलांची मालिका आली, दोरीवरच्या बाहुल्या, रॉकेटं, शूर जवान, सगळे कायम गंभीर चेहऱ्यानं जगाला वाचवत असतात. पार्कर-स्टोननी तेच ध्यान जसंच्या तसं उचललं, तीच झुलत झुलत चाल, तेच न हलणारे गाल, आणि त्याच्या तोंडात मोठ्यांची भाषा घातली. म्हणजे आपल्या बालवाडीच्या बाईंनी बडबडगीताच्या चालीवर अचानक लावणी म्हणावी तसं.

आणि हे पहिलेच नव्हेत. न्यूझीलंडच्या पीटर जॅक्सनने १९८९ मध्ये 'मीट द फीबल्स' काढला, त्यातल्या बाहुल्या बघितल्यावर तुमच्या सासूबाईंनी शेंगांचं सूप फेकून मारलं असतं, आणि पुढं याच माणसानं 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' केला. २०१८ च्या 'द हॅपीटाइम मर्डर्स'ची तर आणखीन मजा, दिग्दर्शक ब्रायन हेन्सन, म्हणजे मपेट्स नावाच्या बाहुल्या बनवणाऱ्या जिम हेन्सन यांचाच मुलगा, त्याच्या वाह्यात सिनेमाच्या जाहिरातीत 'सेसमी'चं नाव आलं म्हणून 'सेसमी स्ट्रीट' या मुलांच्या टीव्ही कार्यक्रमाचे मालक कोर्टात गेले, कोर्टानं त्यांचं ऐकलं नाही. बाप मुलांना अंकगणित शिकवायला बाहुल्या देतो आणि लेक त्याच जातीच्या बाहुल्यांना दारू पाजतो, घरोघरी हेच चाललंय.

पोरांचं म्हणाल तर अकरा वर्षांच्याला समोर बसवून सरळ सांगा की हा मोठ्यांचा होता, माझी चूक झाली. आठ वर्षांची विसरलेली असेल. नसेल तर ती तुम्हाला योग्य वेळी, पाहुण्यांसमोर, आठवण करून देईलच.

सिनेमातली हॉलिवूडच्या नटाची, मॅट डेमनची बाहुली नुसतं स्वतःचं नावच का घेत असते? माझं काय सुटलं का?
– नागाळा पार्क

काही सुटलं नाही. बाहुली बनून आली तेव्हा तिचा चेहरा जरा मठ्ठच दिसायला लागला, दुरुस्तीला वेळ नव्हता, मग त्यांनी ठरवलं की हा एवढंच बोलेल. सिनेमातला सगळ्यात जास्त लक्षात राहिलेला विनोद असा नासलेल्या मालातनं आलाय. आमच्या तरुण मंडळाच्या प्रतापगडच्या देखाव्यात एका वर्षी अफजलखानाच्या हाताची मोटार उलटी जोडली गेली आणि खान वार करायच्या ऐवजी सगळ्यांना टाटा करायला लागला. माझा भाऊ वायरिंग बघायचा, तो म्हणाला आज रात्री उघडून नीट करतो, अध्यक्ष म्हणाले हात लावू नको. विसर्जनापर्यंत खान टाटा करत होता आणि गर्दी हटत नव्हती.

मावशी, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्हा चार-पाच जणांना बाहुल्यांची वीस मिनिटांची फिल्म करायची आहे, आपल्या गावच्या राजकारणावर, एकदम खुल्लम खुल्ला. बजेट फार नाही. बाहुल्या त्यांनी कशा चालवल्या, आपल्याला जमेल का, आणि नेत्यांची नावं घेतली तर चालेल का?
– एक कार्यकर्ता, शिवाजी पेठ

हे पत्र वाचून मला लई बरं वाटलं, त्यामुळं जरा लांबड लावणार आहे.

आधी त्यांचं कसं होतं ते ऐक. बाहुल्या साधारण बावीस इंचाच्या, म्हणजे माणसाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या मापाच्या, बनवल्या कियोडो ब्रदर्सनी, डोक्यात बारीक मोटारी बसवलेल्या, त्यानं ओठ, भुवया, डोळे हलायचे. वरती मचाणासारखा पूल, त्यावर उभं राहून दोऱ्या हलवणारे लोक, आणि चेहऱ्याच्या मोटारी चालवणारी माणसं वेगळी, म्हणजे एका बाहुलीनं नुसतं 'काय म्हणतोस' म्हणायचं तरी तीन-चार जणांचा मेळ बसायला पाहिजे. सेटही सगळे त्याच मापाचे. कॅमेऱ्यामागं कोण तर बिल पोप, 'द मेट्रिक्स'वाला. म्हणजे शिव्या देणाऱ्या लाकडाला त्यांनी मोठ्यातल्या मोठ्या ॲक्शनपटाचा लाइट मारलाय, आणि विनोदाचा निम्मा जोर तिथं आहे हे लिहून ठेव. फालतू गोष्ट फालतू पद्धतीनं दाखवली तर नुसती फालतू दिसते, लई थाटात दाखवली की हसायला येतं.

सुरुवातच बघ ना. पहिल्यांदा एक अगदी रद्दड बाहुली दिसते, मागं पॅरिसचं रंगवलेलं पडद्यासारखं चित्र, आपल्याला वाटतं की झालं, पैसे बुडाले. मग कॅमेरा मागं येतो आणि कळतं की ती रद्दड बाहुली चालवणारासुद्धा एक बाहुलीच आहे आणि आजूबाजूचं पॅरिस एकदम झकास बांधलंय, रस्त्याचे दगडसुद्धा क्रोसाँच्या, म्हणजे त्या फ्रेंच पावाच्या आकाराचे. पहिल्या मिनिटात त्यांनी सांगून टाकलं की आम्हाला चांगलं करता येतंय, पुढं जे वाईट दिसेल ते मुद्दाम.

आता चाल. बाहुलीला चालवणं हे सगळ्यात अवघड, पाय जमिनीला टेकल्यासारखे दिसतच नाहीत, वजन नाही ना. 'थंडरबर्ड्स'वाल्यांनी यावर काय केलं, तर बाहुल्यांना चालवलंच नाही, कायम गाडीत नाही तर विमानात नाही तर सरकत्या पट्ट्यावर बसवलं, आणि बारीक काम असलं की क्लोजअपमध्ये खऱ्या माणसाचा हात. त्यांच्या बाहुल्यांची डोकी अंगापेक्षा मोठी का होती माहितीय? ओठ हलवायचं सोलेनॉइड, म्हणजे विजेवर हलणारं छोटं यंत्र, डोक्यात बसायला पाहिजे म्हणून. रेकॉर्ड केलेल्या आवाजाचा सिग्नल तारेतनं डोक्यात जायचा आणि ओठ टकटक उघडायचे, म्हणजे बाहुली लटकवायची तारच करंट पण न्यायची. तू इंजिनिअरिंगचा ना, मग हे तुझ्या कामाचं आहे. पार्कर-स्टोननी मात्र चालीचं उलटंच केलं, चाल जमत नाही तर न जमलेलीच दाखवू, मारामारीत दोन बाहुल्या नुसत्या एकमेकींवर लोंबकळतात, आणि दोऱ्या कॉम्प्युटरवर पुसता आल्या असत्या तरी पुसल्या नाहीत. काळे बिबटे म्हणून चक्क घरातली काळी मांजरं सोडलीयत, बाहुल्यांच्या मापाला ती बिबट्याएवढीच दिसतात की. तरीपण काम एवढं जीवघेणं झालं की दोघांनी पुढं बऱ्याच ठिकाणी सांगितलंय, बाहुल्यांच्या वाटेला परत जाणार नाही.

तुमच्यासाठी आता. कुंभार गल्लीत जा, गणपतीचा सीझन संपल्यावर जा, त्याआधी गेलास तर कोण बघणार पण नाही तुझ्याकडं. शाडूचं मुंडकं करून घ्या, त्यावरनं साचा काढा आणि कागदाचा लगदा भरा, हलकं पण होतं आणि पडलं तर फुटत नाही. पायात शिशाचे नाही तर लोखंडाचे तुकडे घाला, मासे पकडायच्या जाळ्याला लावतात तसले, नाहीतर बाहुली भुतासारखी तरंगते. दोरीला तंगूस वापरला तर लाइटमध्ये चमकतो, काळा दोरा बरा. पण मी म्हणतो दिसू दे की दोरा, लपवायला गेलास आणि नाही लपला तर चूक, आधीपासनं दाखवलास तर स्टाइल. कॅमेरा बाहुलीच्या डोळ्याच्या उंचीला लावा, वरनं मारलात की खेळणं दिसतं. आवाज आधी रेकॉर्ड करा, बाहुली नंतर. कपडे शिवताना पातळ कापड घ्या, आम्ही देखाव्याला एकदा शेरवानीचं जाड कापड वापरलं आणि सरदाराचे हातच वर होईनात, सगळी लढाई खाली हात सोडून.

बजेट अगदीच नसेल तर दोऱ्या सोडा आणि हातमोज्याच्या बाहुल्या करा. ब्रिटनमध्ये पीटर फ्लक आणि रॉजर लॉ यांनी 'स्पिटिंग इमेज' म्हणून रबराच्या बाहुल्यांचा कार्यक्रम १९८४ ते १९९६ चालवला, हात घालून चालवायच्या बाहुल्या, आणि त्यात मार्गारेट थॅचरबाई पुरुषाच्या सुटात. एका सीनमध्ये बाई आपलं मंत्रिमंडळ घेऊन हॉटेलात बसल्यात, स्टेकची ऑर्डर देतात, वेट्रेस विचारते, आणि भाज्यांचं काय? बाई मंत्र्यांकडं बघून म्हणतात, ते पण माझंच घेतील. एक शिवी नाही, धक्काबुक्की नाही, आणि अख्ख्या मंत्रिमंडळाची दोडकी-भोपळी करून टाकली.

आणि नावं. नाव घेऊ नको. घाबरून नव्हे, नाव घेतलं की विनोद त्या माणसाएवढाच राहतो, निवडणूक झाली की शिळा. शिवाय बदनामीचा खटला पडला तर तारखांना जायला तुझे बाबा येणार आहेत का? खड्डे घे, खड्डे. खड्ड्यांच्याच बाहुल्या कर, काळं डांबरी तोंड, उघडतंय मिटतंय, आणि सगळ्या पेठांतल्या खड्ड्यांनी जमून एका साहेबांचा सत्कार करायचा, शाल श्रीफळ फेटा, 'साहेब, आज आम्ही जे काही आहोत ते तुमच्यामुळं'. गावात ज्याला टोपी बसायची त्याला बरोब्बर बसते. झाली की मला दाखवायला आण, चहा माझ्याकडं.

ताई, आपले सदर मी अनेक वर्षे वाचतो. बाहुल्यांसारख्या निरागस कलेतून बीभत्सपणा आणि सत्ताधाऱ्यांची टवाळी हा पाश्चात्त्यांचा विकृत प्रकार असून आपल्या परंपरेत असे कधीही नव्हते. आपण त्याची भलामण करावी याचे दुःख झाले.
– निवृत्त शिक्षक, इचलकरंजी

सर, नमस्कार. दुःख दिल्याबद्दल माफी, पण 'कधीही नव्हते' याला मी सही करणार नाही.

आपली परंपरा म्हणता तर या सदराचं नावच बघा. मला लोक मावशी म्हणतात ते वयामुळं म्हणत असतील, पण मी ते नाव घेतलंय गवळणीतल्या मावशीवरनं, लुगडं नेसलेला बाप्या, जो कृष्णाला पण सोडत नाही आणि पेंद्याला पण सोडत नाही. देवाची टवाळी करून झाली की वगात राजा येतो, आणि सोंगाड्या त्या राजाची पगडी त्याच्याच दरबारात उडवतो. वसंत सबनिसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये दादा कोंडके रोजच्या पेपरातलं राजकारण त्या रात्रीच्या प्रयोगात घुसवायचे, म्हणून लोक तेच नाटक परत परत बघायला जायचे. बीभत्स म्हणाल तर दादांनी पुढं सिनेमात काय काय केलं ते तुम्हाला मी कशाला सांगू, तुम्ही पण बघितलेत, नाही म्हणू नका.

बाहुल्यांचं म्हणाल तर घाट उतरून कुडाळकडं गेलं की पिंगुळी आहे, तिथले ठाकर आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी करत आलेत. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या बाहुल्या रामायण सांगतात, शिव्या देत नाहीत, हे मी कबूल करतो. पण ती निरागस मुलांसाठी केलेली करमणूक नव्हे, देवळात रात्रभर मोठी माणसं बसून ऐकायची. आणि आपल्याकडं नाटक चालवणाऱ्याला सूत्रधार म्हणतात, म्हणजे हातात दोरी धरणारा, मग बाहुली लहान मुलांची कधीपासनं झाली?

कात्रीसुद्धा आपल्याला नवीन नाही सर. आपल्या गावच्या बाबूराव पेंटरांचा 'सैरंध्री' १९२० चा, त्यातला कीचकवध बघून लोकांना भोवळ यायची पाळी आली, एवढा खरा वाटला, आणि तो सीन कापायला लावला. मुंडकं खोटं, रक्त खोटं, आणि घाबरलेलं सरकार तेवढं खरं.

एक मात्र तुमचं बरोबर. या सिनेमात ओकारीचा एक सीन आहे तो मलासुद्धा ताट बाजूला ठेवून बघावा लागला.

भारतात असं राजकीय बाहुल्यांचं काही झालंय का? की आपल्याकडं फक्त तात्या विंचू?
– साइक्स एक्स्टेंशन

'फक्त' म्हणू नका, १९९३ च्या 'झपाटलेला'मधली रामदास पाध्यांची ती बाहुली बघून आमच्या गल्लीतली निम्मी पोरं आईच्या कुशीत झोपायला लागली होती. राजकीय म्हणाल तर एनडीटीव्ही इंडियावर 'गुस्ताखी माफ' यायचं, नेत्यांच्या बाहुल्या, गाणी, बरंच धीट होतं. सिनेमात मात्र आपण नेत्याची नक्कल करायला भितो, आणि भिण्याला कारण पण आहे, 'किस्सा कुर्सी का' आठवतोय ना, आणीबाणीत त्याच्या प्रिंटच काय, निगेटिव्हसुद्धा नष्ट केली, आणि १९७८ मध्ये सिनेमा परत नव्यानं काढायला लागला. त्यात तर माणसं होती. बाहुल्या असत्या तर होळीला जास्त बऱ्या जळाल्या असत्या.

मावशी, सिनेमा भारी आहे पण तो नक्की कुणाच्या बाजूचा? माझा मित्र म्हणतो अमेरिकेच्या दादागिरीवर टीका आहे, मला वाटतं उलट दादागिरीचं समर्थन आहे. आमची पैज लागलीय, मिसळीची.
– दोन मित्र, मंगळवार पेठ

मिसळ मला द्या, दोघं पण हरलाय.

वर्ष लक्षात घ्या, २००४, इराकचं युद्ध चालू, आणि सिनेमा लागला १५ ऑक्टोबरला, अमेरिकेची निवडणूक २ नोव्हेंबरला. म्हणजे तोंडावर. अशा वेळी तुम्ही राजकीय सिनेमा काढताय, त्यात अमेरिकन टोळी आहे जी इजिप्तचे पिरॅमिड उडवते, त्यात युद्धाला विरोध करणारे हॉलिवूडचे नट आहेत जे स्वतःच्या शहाणपणावर एवढे खूश आहेत की हुकूमशहाच्या शांतता सोहळ्याला जातात, त्यात उत्तर कोरियाचा तो हुकूमशहा किम जोंग-इल आहे जो एकटेपणाचं गाणं म्हणतो, आणि ते गाणं ऐकून मला त्याची कणव आली हे कबूल करायला लाज वाटते. सगळे आहेत. फक्त दोन माणसं नाहीत, बुश नाही आणि केरी नाही. निवडणुकीला उभी राहिलेली दोन माणसं अख्ख्या सिनेमात नाहीत!

लोक म्हणतात वा वा, सगळ्यांना सारखं झोडपलं. मला ते पटत नाही. नटांना झोडपणं सोपं आहे हो. शॉन पेन चिडला, त्यानं एक जाहीर पत्र लिहिलं, त्यानं सिनेमाची जाहिरातच झाली. प्योंगयांगच्या हुकूमशहाला लॉस एंजेलिसमध्ये बसून शिव्या देणं त्याहून सोपं. अरबांच्या तोंडी नुसते वेडेवाकडे आवाज घातलेत, तो मला सगळ्यात आळशी विनोद वाटला, तिथं बाहुली मठ्ठ नव्हती, लिहिणारा होता. वगातला सोंगाड्या ज्या राजाची उडवतो तो राजा समोर बसलेला असतो, रात्री गावच्या पाटलाच्याच वाड्यात झोपायचं असतं आणि त्याच पाटलावर बतावणी करायची असते. इथं खुर्ची तेवढी रिकामी ठेवून बाकी सगळ्या गावाला शिव्या घातल्यात.

मग मी बघ म्हणून का सांगितलं? कारण त्यांचा खरा शत्रू बुश पण नाही आणि पेन पण नाही, त्यांचा शत्रू आहे तो गंभीर चेहऱ्याचा ॲक्शन सिनेमा, स्लो मोशन, झेंडा, हिरोचा भूतकाळातला घाव, आणि शेवटच्या भाषणानंतर टाळ्या. मुळात त्यांची आयडियाच अशी होती की 'द डे आफ्टर टुमारो' या प्रलयाच्या सिनेमाची पटकथा घ्यायची आणि एक शब्द न बदलता बाहुल्यांकडनं करून घ्यायची. वकिलांनी हाणून पाडलं. पण विचार करा, एक शब्द न बदलता! म्हणजे विनोद लिहायची गरजच नव्हती, माणसं जे गंभीरपणे बोलतात ते लाकडाच्या तोंडात घातलं की झालं. हे मला लई आवडलं. त्यानंतर मी आमच्याकडचे देशभक्तीचे दोन-तीन सिनेमे बघितले तर मला प्रत्येकाच्या खांद्यावर दोऱ्याच दिसायला लागल्या, नावं सांगत नाही, मला या गावात राहायचंय.

ऐकलं की हा सिनेमा नंतर दाखवायला बंदी केली होती म्हणे?
– कसबा बावडा

बंदी नाही, त्याहून मजेशीर. उत्तर कोरियाच्या प्रागमधल्या वकिलातीनं चेक सरकारला सांगून बघितलं होतं की हा बंद करा, चेक लोकांनी नाही म्हटलं. खरी गंमत २०१४ ची. सोनी कंपनीचे कॉम्प्युटर हॅक झाले, किम जोंग-इलच्या मुलावरच्या, किम जोंग-उनवरच्या 'द इंटरव्ह्यू' सिनेमामुळं थिएटरांना धमक्या आल्या, तो सिनेमा मागं घेतला, तर डॅलसच्या एका थिएटरनं म्हटलं बरं, त्याच्या जागी आम्ही जुना 'टीम अमेरिका' फुकट दाखवतो. तर पॅरामाउंट कंपनीनं तोपण काढून घेतला. बापाला, म्हणजे किम जोंग-इलला, जाऊन तीन वर्षं झालेली, २०११ लाच गेला तो, आणि एवढी मोठी कंपनी त्याच्या बावीस इंची बाहुलीला घाबरून बसली.

मावशीबाई, मी राजारामपुरीत लेकीकडं राहतो. जावयानं तुम्हाला पत्र घातलंय असं नातीनं सांगितलं. मला इंग्रजी येत नाही पण बाहुल्या छान होत्या, कपडे तर किती नीट शिवलेले. तो चष्म्याचा बुटका हुकूमशहा गाणं म्हणत होता तोवर बघितलं, मग याला रिमोट सापडला आणि यानं बंद केला. पुढं त्याचं काय झालं? मला कोण सांगत नाही.
– शेंगा सोलणारी सासू

अहो आक्का, तुमचंच पत्र सगळ्यात शेवटी ठेवलं मी मुद्दाम. तो बुटका शेवटी सज्जावरनं खाली पडतो आणि एका टोकदार शिरस्त्राणावर आरपार बसतो. सगळ्यांना वाटतं मेला. तर त्याच्या तोंडातनं एक झुरळ बाहेर येतं, मी परत येईन म्हणतं, आणि एवढ्याशा यानात बसून आकाशात निघून जातं. कशामुळं ते मला विचारू नका, तिथं माझंपण इंग्रजी संपलं.

पण नुसतं ऐकून मजा नाही, मधली मांजरं तुम्ही बघायलाच पाहिजेत. जावई सोमवारी कामावर गेला आणि पोरं शाळेला गेली की लावा. रिमोट नाही सापडला तर सोफ्याच्या फटीत बघा.